कृपया डोळे मिचकावा

फराळाच्या डब्यांचा तळ दिसायला लागला, की आमचे अण्णा जिवंत आहेत की नाहीत, हा प्रश्न सरकारला पडतो. आम्हाला घरात तो कधीच पडत नाही. पहाटे साडेचारला बाथरूममध्ये बादली आपटते, पाचला रेडिओ लागतो आणि सव्वापाचला ‘चहात साखर कुणी कमी केली?’ ही चौकशी सुरू होते. असे पुरावे आम्हाला वर्षाचे ३६५ दिवस मिळतात, लीप वर्षात एक जास्तीचा. पण पेन्शनच्या दफ्तरी बादली चालत नाही. तिथे हयातीचा दाखला लागतो आणि तो नोव्हेंबरात द्यावा लागतो.

अण्णा पोस्टातून निवृत्त झाले. ३८ वर्षं नोकरी, शेवटची अकरा सब-पोस्टमास्तर म्हणून. आता वय ७८. ऐंशी ओलांडलेल्या पेन्शनरांना हा दाखला महिनाभर आधी, म्हणजे १ ऑक्टोबरपासून देता येतो. त्या सवलतीवर अण्णांचा डोळा आहे. “एकदा ऐंशी लागू दे, गर्दीच्या आधीच उरकून टाकतो,” असं ते म्हणतात, तेव्हा ते नक्की काय उरकणार आहेत, असा संशय आईला क्षणभर येतो.

पूर्वी हा दाखला म्हणजे एक सोहळा होता. धुतलेला सदरा, खिशाला पेन, पिशवीत पासबुक आणि पासबुकाच्या झेरॉक्सची झेरॉक्स. बँकेत सगळे जुने सोबती भेटायचे. कोण गुडघा बदलून आलाय, कुणाचा मुलगा कॅनडाला गेलाय, कोण यंदा आलाच नाही. जो आला नाही त्याच्यासाठी मिनिटभर गप्प राहायचं आणि रांग एकाने पुढे सरकायची. मग साहेबासमोर सही. साहेब मान वर न करता शिक्का मारायचा. “माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही,” अण्णा दर वर्षी घरी येऊन सांगायचे. “मग मी जिवंत आहे हे त्याने ठरवलं कशावरून?”

१० नोव्हेंबर २०१४ ला ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं आणि या प्रश्नाचं उत्तर निघालं. यंत्रावर बोट टेकवायचं, ते आधारशी ताडून बघितलं जायचं, दाखला तयार. अण्णांनी बोट टेकवलं. मग दुसरं टेकवलं. मग दहाही टेकवून झाली. ३८ वर्षं डिंक लावून, शिक्के मारून आणि मनीऑर्डरीच्या नोटा मोजून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पार पुसल्या होत्या. यात अण्णा एकटे नव्हते. गवंडी, ऊस तोडणारे, धुणीभांडी करणाऱ्या बाया, एकूणच ज्यांनी आयुष्यभर हातांनी काम केलं, नेमके त्यांचेच हात यंत्राला ओळखू येत नाहीत. या गोष्टीवर मी फार विनोद करू शकत नाही. सरकारनेही केला नाही, हे कबूल करायला हवं. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय झाली. साधा स्मार्टफोन पुरतो, यंत्र नको, बँक नको, घरच्या खुर्चीत बसून काम होतं.

आता या गोष्टीत माझा प्रवेश होतो. मी पुण्यात मोबाइलच्या अॅपचे पडदे आखायचं काम करतो. हे काम काय असतं ते अण्णांना सांगण्याचा मी एकदाच प्रयत्न केला.

“बटण कुठे असावं, ते मी ठरवतो.”

“आणि?”

“कुठल्या रंगाचं असावं, तेही.”

“आणि याचा पगार देतात?” अण्णांनी विचारलं. मग बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत बसले. शिक्षणावर केलेल्या खर्चाचा हिशोब चालला असावा.

आमच्या ऑफिसात भिंतीवर ‘वापरकर्त्यांची’ चित्रं लावलेली आहेत. अॅप कुणासाठी करतोय ते डोळ्यांसमोर राहावं म्हणून ही पद्धत. त्यात एक आजोबा आहेत. कापसासारखे केस, निळे डोळे, मांडीवर लॅपटॉप, आणि त्या लॅपटॉपकडे बघून ते असे हसताहेत, जसा कुठलाही म्हातारा माणूस कुठल्याही यंत्राकडे बघून आजवर हसलेला नाही. खाली लिहिलंय, ‘वय ७०, निवृत्त, तंत्रज्ञानाची थोडी भीती.’ गेली चार वर्षं मी या आजोबांसाठी बटणं मोठी करतो आहे. अण्णांना तंत्रज्ञानाची भीती अजिबात वाटत नाही. त्यांना त्याचा राग येतो, आणि रागासाठी कुठला रंग वापरायचा हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

तेव्हा गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी मी गावी पोचलो आणि म्हणालो, “अण्णा, पाच मिनिटांचं काम आहे.” हे वाक्य आमच्या धंद्यात कुणीही कधीही उच्चारू नये.

या कामाला दोन अॅपं लागतात. त्यातलं चेहरा ओळखणारं अॅप उतरवून घेतल्यावर मी त्याचं चित्र शोधायला लागलो, तर फोनवर चित्रच नाही. ते असंच असतं. पडद्याआड राहून काम करतं, ते उघडायचं नसतं. मार्क वायझर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९१ साली एक गाजलेला लेख लिहून असंच काहीसं स्वप्न मांडलं होतं. संगणक पुढे सगळीकडे असतील, भिंतीत, वहीत, खिशात, आणि ते इतके अंगवळणी पडतील की असून दिसणार नाहीत. कॉलेजात मी हे वाचून भारावलो होतो. भर उन्हात ओसरीवर बसून मी ते अण्णांना समजावून सांगितलं.

“म्हणजे सगळं काम तेच करतं, पण दिसत नाही?”

“हो.”

“म्हणजे तुझ्या आईसारखं.”

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मी पुढची पायरी उघडली.

पुढच्या पायरीला अॅपने माझाच चेहरा मागितला. जो माणूस दुसऱ्याचा दाखला काढून देणार, त्याने एकदा स्वतःची ओळख पटवायची, असा नियम आहे. अगदी रास्त नियम आहे. पण वडील जिवंत आहेत हे सांगण्याआधी मुलाने आपलं अस्तित्व सिद्ध करायचं, यात अण्णांना विलक्षण समाधान वाटलं. “बघ, तुझ्यावरही विश्वास नाही त्यांचा,” ते म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले. मी जिवंत निघालो.

मग अण्णा. चष्मा काढला. चष्मा काढल्यावर पडद्यावर काय लिहिलंय ते दिसेना, म्हणून परत घातला. परत काढला. डोक्यावरच्या पंख्याची सावली कपाळावर फिरत होती, म्हणून पंखा बंद केला. पंखा बंद केल्यावर घाम आला, म्हणून तोंड पुसलं. मी फोन धरला आणि लक्षात आलं की अण्णांच्या मागे भिंतीवर आजोबांची तसबीर आहे. चंदनाचा हार, कपाळाला गंध, मिशा पिळलेल्या, नजर थेट कॅमेऱ्यात. अण्णांपेक्षा आजोबांचा चेहरा कितीतरी स्पष्ट होता. १९६४ साली वारलेल्या माणसाला मोबाइलने जिवंत ठरवलं, तर वसुली कुणाकडून होईल, या विचाराने मी खुर्ची तीन फूट सरकवली.

पडद्यावर सूचना आली. डोळे मिचकावा.

अण्णा टक लावून बसले.

“अण्णा, डोळे मिचकावा.”

आणखी टक.

इथे मला एक गोष्ट उमगली, जी आमच्या ऑफिसच्या भिंतीवरच्या आजोबांकडून कधीच कळली नसती. अण्णांच्या पिढीला जन्मभर एकच शिकवण मिळालेली आहे. फोटोत डोळे मिटायचे नाहीत. स्टुडिओत काळ्या कापडाखालून फोटोवाला ओरडायचा, “डोळे मिटू नका!” रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि एक वाया गेला तर घरातले महिनाभर बोलून दाखवायचे. लग्नाच्या एका फोटोत अण्णांचे डोळे मिटलेले आहेत, त्यावरून पन्नास वर्षं ऐकून घेताहेत. अशा माणसासमोर कॅमेरा धरायचा आणि म्हणायचं, मिचकावा! अण्णांनी जिद्दीने, पाण्याने डोळे भरेपर्यंत, पापणी लवू दिली नाही. अॅपचं काही चुकलं नव्हतं. समोर फोटो धरून फसवणूक होऊ नये म्हणून ते जिवंतपणाची खूण मागत होतं. फोटो डोळे मिचकावत नाही. आणि अण्णा फोटोसारखे बसले होते.

शेवटी त्यांनी मिचकावला, पण एकच. नेमकी तेव्हाच आई चहा घेऊन बाहेर आली.

“या वयात!” ती म्हणाली आणि चहा तसाच घेऊन आत गेली.

तेवढ्यात वीज गेली, वायफायही गेलं, आणि अण्णांची हयात पुढच्या वेळेवर गेली.

अंधारात बसून अण्णांनी मला पोस्टाच्या खिडकीबद्दल सांगितलं. सरकारी खिडकी हा भारतातला सर्वांत जुना ‘पडदा’. ती नेहमी अशा उंचीवर असायची की उंच माणसाला वाकावं लागायचं आणि बुटक्याला टाचा वर कराव्या लागायच्या. बरोबर मापाचा नागरिक अजून जन्मलेला नाही. वाकायला लावणं हाच खिडकीचा हेतू असावा, असा अण्णांना संशय आहे. “पण आम्ही एक करायचो,” ते म्हणाले. “खिडकीत उभ्या असलेल्या माणसाला फॉर्म भरता येत नसला, तर मी इकडून उलटा फॉर्म वाचून त्याला सांगायचो. आणि मला वेळ नसला तर रांगेतला मागचा सांगायचा. ‘मावशी, इथे नाही, मागच्या बाजूला अंगठा.’ तुमच्या त्या फोनमध्ये मागचा माणूस कुठाय?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे ‘मदत’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की वारंवार विचारले जाणारे प्रश्न येतात, आणि त्यात आपला प्रश्न कधीच नसतो. आपला प्रश्न वारंवार विचारला जात नसावा. आम्ही रांगा संपवल्या, याचा आम्हाला फार अभिमान आहे. रांगेबरोबर रांगेतला मागचा माणूसही संपला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तो गेला कुठे, ते दुसऱ्या दिवशी कळलं. वीज यायची होती, म्हणून मी अण्णांना घेऊन चौकातल्या केंद्रावर गेलो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, काहीही काढून देणारं हे दहा बाय बाराचं दुकान. आत एक पोरगा, वय तेवीस. त्याच्यासमोर संगणक, आणि संगणकापेक्षा महत्त्वाची एक जाडजूड वही. या वहीत अख्ख्या गावाचे पासवर्ड आहेत. बहुतेक सगळे आपापलं नाव, पुढे १२३ आणि मध्ये ते शेपटीवालं ‘ॲट’चं चिन्ह, असे आहेत. आमच्या ऑफिसात यावर दोन दिवसांची कार्यशाळा झाली होती. इथे दोन रुपयांच्या रेषांच्या वहीत प्रश्न सुटलेला होता.

आणि ओटीपी! ‘हा क्रमांक कुणालाही सांगू नका’ असं ज्या संदेशात लिहिलेलं असतं, तो क्रमांक तिथे माणसं ओरडून सांगत होती. “चार! चार! नऊ! अरे नऊ, सहा नाही!” दाराशी उभ्या असलेल्या एका बाईंचा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जात होता आणि नवरा इचलकरंजीला मागावर होता. त्याला फोन लावला की ओटीपी येताना फोन व्यग्र, आणि फोन ठेवला की ओटीपीची मुदत संपलेली. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यावरचा ओटीपी मागितला गेला, तेव्हा अशा दाराशी उभ्या असलेल्या बाया महाराष्ट्रभर दिसत होत्या. ज्यांना नवरा आणि वडील दोघंही उरलेले नाहीत, त्यांच्यासाठी मग वेगळी वाट काढावी लागली. पडदा आखणाऱ्याच्या डोक्यात एक माणूस, एक फोन असा हिशोब असतो. आपल्याकडे एक फोन, एक घर असतं. कधी एक फोन, एक वाडी.

हा हिशोब कुणालाच कळत नाही असंही नाही. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या अॅपमध्ये एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. शेतात उभं राहून आपल्या पिकाचा फोटो आपणच काढायचा आणि सातबाऱ्यावर आपणच चढवायचा. ज्याने ही एका फोनची सोय ठेवली तो कधीतरी बांधावर उभा राहिलेला असणार. माझ्या मावसभावाकडे भावकीतला एकमेव बरा कॅमेरा आहे, त्यामुळे हंगामात तो गावचा अर्धा तलाठी असतो. लग्नातला फोटोवाला जेवायला बसवतात, तसं त्याला प्रत्येक बांधावर हुरडा नाहीतर शेंगा मिळतात.

पण साधारण नियम उलटा. २०२१ च्या मे महिन्यात लशीसाठी सगळा देश कोविनवर झुंबड करत होता, तेव्हा ते इंग्रजीत होतं. खेड्यातल्या माणसाने नाव नोंदवायचं कसं, असं सर्वोच्च न्यायालयाने विचारलं. जूनमध्ये मराठीसह बऱ्याच भाषा आल्या. तोवर गावाच्या आरोग्य केंद्रापुढे शहरातल्या मोटारी लागलेल्या आणि गावकरी झाडाखाली बसून ‘हे कोण पाहुणे?’ म्हणून बघताहेत, असा प्रकार होऊन गेला होता. बोट जलद चालणाऱ्यांना सुई आधी मिळाली.

आणि मराठी आली म्हणून तरी काय! सरकारी पडद्यावरची मराठी कुठे बोलली जाते, याचा शोध मी बरीच वर्षं घेतो आहे. एका खात्याच्या संकेतस्थळावर अण्णांनी मोबाइल क्रमांक टाकला. उत्तर आलं, ‘अवैध क्रमांक’.

“अवैध?” अण्णांचा आवाज चढला. “अवैध दारू असते, अवैध वाळू असते. माझा नंबर अवैध कसा? बिल भरतो मी!”

एक आकडा राहिला होता, इतकंच. ‘एक आकडा कमी पडतोय, परत बघा’ असं लिहायला शाई जास्त लागत नाही, पण तसं लिहिलं तर ते सरकारने लिहिल्यासारखं वाटत नाही. थोड्या वेळाने ‘आपले सत्र समाप्त झाले आहे’ असं आलं. अण्णा उठून चहाला निघाले. शाळेत सत्र संपल्यावर सुट्टी लागते.

डॉन नॉर्मन या गृहस्थांनी १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिलं. त्यात दारांवर फार राग काढलेला आहे. दार ढकलायचं की ओढायचं हे बघताक्षणी कळलं नाही आणि माणूस त्यावर आपटला, तर चूक दार करणाऱ्याची, आपटणाऱ्याची नव्हे. आमच्या धंद्यात हे वाक्य जपमाळेसारखं घोकतात. पण माझी आई अजून मानत नाही. तिच्या मते दार सरकारचं आहे म्हणजे बरोबरच असणार, कपाळ आपलं चुकीच्या जागी होतं. “मलाच मेलीला येत नाही,” असं म्हणून ती फोन पालथा ठेवते.

तिचं प्रकरण तर अण्णांपेक्षा अवघड. माहेरी तिचं एक नाव होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने दुसरं लिहिलं गेलं. पुढे पहिल्या नावापुढे वडिलांचं नाव की नवऱ्याचं, आडनाव आधी की नंतर, हे ज्या त्या कारकुनाच्या त्या दिवसाच्या मनावर ठरत गेलं. शाळेच्या दाखल्यावर ती एक बाई आहे, रेशन कार्डावर दुसरी, माहेरच्या सातबाऱ्यावर तिसरी, आणि त्या तिघींचा परस्परांशी संबंध नाही असं संगणकाचं ठाम मत आहे. त्यात इंग्रजी स्पेलिंग. नुसती लक्ष्मी म्हटलं तरी एक एक्सवाली आणि एक के-एस-एचवाली, आणि एकीच्या खात्यातले पैसे दुसरीला मिळत नाहीत. ज्ञानेश्वराचा ‘ज्ञ’ तर आपण डी-एन-वाय लिहितो आणि उत्तरेकडचे जी-वाय लिहितात. माणूस नागपूर ओलांडून गेला की स्वतःलाच परका.

हे सगळं ऐकून अण्णा खुलले, कारण इथून पुढचा रस्ता त्यांच्या आवडत्या विषयाकडे जातो.

“हाच घोटाळा पत्त्यांचा होता,” ते म्हणाले. “एकाच नावाची गावं दहा. अक्षर वेगळं, लिपी वेगळी, स्पेलिंग वेगळं. मी नोकरीला लागलो तेव्हा सॉर्टिंगवाल्याला भूगोल तोंडपाठ लागायचा. आणि मग काय झालं?”

मला माहीत आहे काय झालं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. सहा आकडे. पहिला आकडा विभागाचा, पुढचे जिल्ह्याकडे आणि शेवटचे थेट तुमच्या पोस्टापर्यंत नेणारे. चाळीस ते चव्वेचाळीसने सुरू होणारे महाराष्ट्राचे, त्यातच चारशे तीन म्हणजे गोवा. नऊने सुरू झाला तर लष्कराचा. यामागे डोकं होतं श्रीराम भिकाजी वेलणकर यांचं. पोस्ट आणि तार खात्यात मोठे अधिकारी, आणि संस्कृतात काव्य-नाटकं लिहिणारे मराठी पंडित. अक्षर वाचता न येणाऱ्या कारकुनालाही पत्र कुठल्या पिशवीत टाकायचं ते कळावं, इतकी ती सोपी गोष्ट. कुठलं अॅप नाही, कुठली कार्यशाळा नाही. भिंतीवर निळ्या डोळ्यांचे आजोबा तर मुळीच नाहीत. आमच्या धंद्यातल्या लोकांना आदर्श विचारला, की ते कॅलिफोर्नियातल्या एखाद्या फोनवाल्याचं नाव सांगतात. मी आता पिनकोड सांगतो. लोक हसतात, मग घरी पार्सल मागवताना तोच टाकतात.

मे २०२५ मध्ये पोस्टाने डिजिपिनही आणला. साऱ्या देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा पत्ता दिला. मी अण्णांना आमच्या घराचा काढून दाखवला. त्यांनी तो उठून, देवघरात जाऊन परत काढायला लावला. वेगळा आला. न्हाणीघराचा आणखी वेगळा. “म्हणजे आता पाहुण्याला कुठे बसवायचं ते पत्त्यातच लिहिता येईल,” अण्णा म्हणाले. पण मनातून ते उदास होते. त्याच वर्षी रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं होतं, आणि घरात कुणी गेल्यासारखे ते दोन दिवस जेवले नव्हते. तार बंद झाली तेव्हा, २०१३ साली, एकच दिवस जेवले नव्हते.

केंद्रावरच्या पोराने त्या दिवशी अण्णांचं काम केलं नाही. त्याने सांगितलं, “मास्तर, तुम्ही कशाला आलात इथे? पोस्टमनच येतो की घरी.” आणि ते खरं होतं. २०२० च्या नोव्हेंबरापासून पोस्टाच्या पेमेंट्स बँकेची माणसं घरी येऊन हा दाखला काढून देतात, ७० रुपयांत. देशात दीड लाखांवर पोस्ट ऑफिसं आहेत. वायझर साहेबांना अभिप्रेत असलेलं ‘सगळीकडे असून न दिसणारं’ जाळं अण्णांच्याच खात्यात पडून होतं, आणि मी ते फोनमध्ये शोधत होतो. पोस्टात ३८ वर्षं काढलेल्या माणसाला पोस्टाने ही गोष्ट केंद्रावरच्या पोरामार्फत कळवावी, याचं दुःख अण्णांनी परतीच्या वाटेवर एका शब्दानेही बोलून दाखवलं नाही, म्हणजे ते बरंच असावं.

सोमवारी डाकसेवक आली. विशीतली मुलगी, खांद्याला पिशवी, स्कूटीवर. अण्णांनी तिला आधी उभीच ठेवून बटवड्याची वेळ, पिशव्यांचा हिशोब आणि बीटमधली घरं किती, ते विचारून घेतलं. ती सगळ्याला उत्तरं देत देत आत आली, एक नजर खोलीवर टाकली आणि न विचारता अण्णांची खुर्ची खिडकीकडे तोंड करून फिरवली. उजेड चेहऱ्यावर आला. आजोबा पाठीमागून बाजूला गेले. जे मला दोन दिवसांत सुचलं नव्हतं, ते तिने अर्ध्या मिनिटात केलं. दिवसाला दहा म्हातारी माणसं बघितली की सुचतं, ती म्हणाली.

तिने फोन धरला. अण्णा टक लावून बसले.

तिने ‘डोळे मिचकावा’ असं म्हटलंच नाही. तिने विचारलं, “आजोबा, तुम्ही मास्तर होता ना, मग पहिला पगार किती होता?”

अण्णा आठवू लागले. आठवताना माणूस डोळे मिटतो.

“झालं,” ती म्हणाली.

“झालं?”

“झालं. मेसेज येईल.”

मेसेज आला. तो वाचायला अण्णांनी चष्मा घातला, शिक्का कुठाय म्हणून विचारलं, नसतो म्हटल्यावर ७० रुपयांची पावती मागितली, आणि ती कशी मिळते यावर दोघांची खात्यांतर्गत चर्चा सुरू झाली. मी माझा फोन खिशात टाकला.

आई चहा घेऊन बाहेर आली. या वेळी पाच कप होते, एक केंद्रावरच्या पोरासाठीही, तो काम कसं झालं बघायला आला होता. ट्रे ठेवून ती मुलीसमोर मोढ्यावर बसली, पदर नीट केला, कपाळावरचे केस मागे सारले.

“बाळ, माझंही करून टाक.”

“आजी, तुमचं काय?”

“हयातीचं.” आईने दोन्ही डोळे घट्ट मिटून उघडले. “हे बघ, येतं मला.”

“आजी, तुम्हाला पेन्शन नाही ना.”

“मग?”

“मग तुमचा दाखला लागत नाही कुणाला.”

आई तशीच बसून राहिली. अण्णा पावतीबद्दल बोलायचे थांबले. मुलीने एकदा अण्णांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग तिने सरकारी फोन पिशवीत ठेवला, स्वतःचा काढला, आईसमोर धरला आणि म्हणाली, “बघा इकडे. मिचकावा.”

आईने मिचकावले. बटण दाबल्याचा आवाज झाला. मुलीने फोन फिरवून तिच्या हातात दिला.

आईने तो लांब धरून बघितला, मग जवळ धरून.

“अगं, डोळे मिटलेत की माझे यात,” ती म्हणाली. “दुसरा काढ.”